थोडंसं म्हणजे किती

डॉक्टरांनी विचारलं, "फळं देता का त्याला?" आणि मी म्हणाले, "हो, म्हणजे... कधीतरी. थोडंसं." एवढंच बोलणं झालं. टेबलावर अंथरलेल्या टॉवेलवर गुंडू चपटा होऊन बसला होता, कान पाठीला चिकटलेले, नाक भराभर हलतंय, आणि मागच्या बाजूला केसांना चिकटून वाळलेला तो काळपट गोळा, ज्याच्यासाठी मी त्याला तिथे घेऊन गेले होते. डॉक्टर कोमट पाण्यात कापूस बुडवून तो गोळा हळूहळू सोडवत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "थोडंसं म्हणजे किती?" आणि मला काही उत्तरच सुचेना. मी अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक अंतर धरून दाखवलं. ते धरताना मला पक्कं कळत होतं की मी हे अंतर जरा लहानच धरतेय. त्यांनी एकदा माझ्या बोटांकडे बघितलं, एकदा सशाच्या मागच्या बाजूकडे बघितलं आणि परत कापूस हातात घेतला.

म्हणजे मी खोटं बोलले. एका सशावरून.

घरी येताना पिंजरा मांडीवर होता आणि आतून तो वास येत होता, जरासा आंबूस. डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटत होतं, तर मला उलट रागावता आलं असतं. पण त्या म्हणाल्या फक्त एवढंच, की घरी जाऊन दिवसभरात त्याच्या तोंडात काय काय जातं ते एका कागदावर लिहा, आणि मग फोन करा. शाळेत न केलेल्या गृहपाठाबद्दल बाई काहीच बोलल्या नाहीत की जसं व्हायचं तसं पोटात होत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी खरंच कागद घेऊन बसले. आधी स्वतःचं लिहिलं. सकाळी मी उठून किचनमध्ये गेले की गुंडू पायात येतो, आणि सफरचंद चिरताना एक फोड त्याला जातेच, सालासकट. बरं, गाजराचा तुकडा मी धरलाच नव्हता कारण माझ्या डोक्यात गाजर म्हणजे सशाचं जेवण, खाऊ नाही. मग मुलीला विचारलं. ती आधी म्हणाली मी काहीच देत नाही, मग म्हणाली शाळेतून आल्यावर दोन द्राक्षं, "पण रोज नाही आई, रोज म्हणजे शनिवार-रविवार सोडून." नवऱ्याने लॅपटॉपमधून डोकं वर न काढता सांगितलं की तो रात्री काम करताना बेदाणे खातो आणि त्यातले चारपाच खाली जातात, "जातात" म्हणाला, जसं काही ते आपले आपण चालत जातात. आणि बाबा? बाबा म्हणाले, "मी कुठे काय देतो? थोडंसं केळं." सगळ्यांचं थोडंसं. चार माणसं, चार थोडंसं, आणि प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतंय की बाकीचे काही देत नाहीत, तेव्हा बिचाऱ्याला आपणच काय ते देतोय.

मी किचनचा वजनकाटा काढला. एवढं करायची गरज नव्हती पण मला आता चैन पडेना. सफरचंदाची फोड 15 ग्रॅम. दोन द्राक्षं 10. बाबांच्या केळ्याच्या तीन चकत्या जवळजवळ 23. बेदाणे दोनेक ग्रॅम, ते दिसायला काहीच नाहीत पण वाळलेलं फळ म्हणजे पाणी उडून गेलेलं आणि साखर आहे तेवढीच राहिलेली, द्राक्षात 100 ग्रॅमला 15-16 ग्रॅम साखर तर बेदाण्यात ती 60 च्या आसपास जाते. सगळी बेरीज पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे काय, तोंडात टाकलं की संपलं. पण गुंडूचं वजन 2 किलो 300 ग्रॅम. माझं 60. मी त्याच प्रमाणात खायचं म्हटलं तर रोज 1 किलो 300 ग्रॅम फळं होतात, जेवणाव्यतिरिक्त, वर्षानुवर्षं. नवरा म्हणाला असं माणसाशी गुणून नसतं बघायचं. असेल. पण त्यालाही तो आकडा बघून जरा गप्प व्हायला झालं.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की मोठ्या, तब्येतीने ठीक असलेल्या सशाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक चहाचा चमचा, हे वरचं टोक, आणि तेसुद्धा रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. म्हणजे आमच्या गुंडूला दोन चमचे. मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि सध्या, पोट ताळ्यावर येईपर्यंत, शून्य.

मी चमचा काढून त्यात सफरचंदाचे तुकडे भरून बघितले. फारच कमी दिसतात हो.

ससा आम्ही आणला तेव्हा आमच्या घरात सशाबद्दल एकूण ज्ञान होतं ते चित्रातलं. ससा, पांढरा, हातात गाजर. माझ्या लहानपणीच्या अंकलिपीपासून ते मुलीच्या कार्टूनपर्यंत सगळीकडे हेच. कुणीतरी कधीतरी एक ससा गाजर खाताना काढला आणि मग सगळ्यांनी त्याचीच कॉपी केली असणार. रानातला ससा जमिनीखालची कंदमुळं उकरून खात बसत नाही, तो गवत खातो, पाला खातो, कोवळ्या काड्या कुरतडतो. गाजराचा वरचा हिरवा पाला त्याला जास्त बरा, आणि आपण नेमका तोच तोडून टाकून खालचं गोड लाल त्याच्यापुढे धरतो. गाजर वाईट नाही, पण ते फळाच्या खात्यात धरायचं, जेवणाच्या नाही. हे कळलं त्या दिवशी मला विनाकारण थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं. सशाचं जेवण म्हणजे खरं तर फक्त वाळलेलं गवत, ऐंशी टक्क्यांच्या वर तेच, दिवसरात्र समोर हवं, पाहिजे तेवढं. (त्याला इंग्रजीत 'हे' म्हणतात, आणि "हे हे त्याला द्या" असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मला वाटलं त्या अडखळतायत. म्हणून मी गवतच म्हणते.) मग मूठभर पालेभाज्या, चिमूटभर पेलेट्स, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या बारक्या गोळ्या, आणि पाणी. फळाला या सगळ्यात जागाच नाहीये खरं म्हणजे. फळ हे आपण त्यात घुसवलेलं आहे, कारण गवत देताना आपल्याला काही मजा येत नाही.

आणि फळ देताना येते ना. फार येते. केळ्याचं साल सोलायचा तो जो बारीक चर्र आवाज असतो, तो गुंडूला दोन खोल्या ओलांडून ऐकू जायचा. सोफ्याखाली पाय लांब पसरून झोपलेला असला तरी एका सेकंदात उठून, फरशीवर घसरत, दाराच्या चौकटीला आपटत धावत यायचा, मागच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि पुढचे दोन्ही पंजे तुमच्या गुडघ्यावर. सशाला फारसा आवाज नसतो, मांजरासारखं घुरघुरत नाही, कुत्र्यासारखी शेपटी हलवत नाही, दिवसभर आपण त्याच्याशी बोलतो आणि तो भिंतीकडे तोंड करून बसतो. अशा प्राण्याकडून एवढी उघड मागणी, एवढं उघड प्रेम, म्हणजे मी त्याला प्रेमच म्हणत होते, ते मिळवायचा एकच रस्ता मला माहीत होता आणि तो 12 टक्के साखरेचा होता.

माझी आजी अशीच होती. कुणी नको म्हटलं की तिला ते ऐकूच यायचं नाही. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायची. "एवढंसं तर आहे," असं म्हणून ती जे वाढायची ते कधीच एवढंसं नसायचं. आम्ही चिडायचो, पोट धरून उठायचो, पण ती गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मी नको म्हटल्यावर खरंच थांबलं, तेव्हा मला केवढं पोरकं वाटलं होतं. म्हणून मी बाबांना पूर्ण दोष देऊ शकत नाही, आणि स्वतःलाही. पण सशाला ताटावर हात आडवा धरता येत नाही, हा मोठाच फरक आहे. तो नको म्हणतच नाही. समोर गवताचा ढीग आणि एक केळं ठेवलं तर तो केळं खाणार, संपूर्ण खाणार, आणि मग गवताकडे बघणार पण नाही.

गवत का महत्त्वाचं ते मला वाचून कळलं त्याहून जास्त त्याच्या लेंड्या झाडून कळलं. ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. कोरड्या, गोल, सोनेरी-तपकिरी, हातात घेतल्या तर चुरगळून गवताचा भुसा होतो, वास जवळजवळ नाहीच. सुरुवातीला हातमोजे घालून झाडायचे, आता नुसत्या हाताने उचलते आणि बघते, मोठी आहे का, एकसारखी आहे का, केसांनी एकमेकींत अडकून माळ झालीये का. माझी मैत्रीण एकदा आली होती, मी बोलता बोलता एक लेंडी उचलून दिव्याखाली धरली तर ती उठून हात धुवायला गेली. माझे नाही, स्वतःचे.

पण ससा दुसऱ्या एका प्रकारची विष्ठाही टाकतो, जी आपल्याला सहसा दिसत नाही. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या इवल्या घोसासारखी. ती तो थेट स्वतःच्या ढुंगणाला तोंड लावून खातो, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पहाटे पाणी प्यायला उठले होते, मोबाईलच्या उजेडात तो स्वतःच्या पोटाखाली वाकून काहीतरी चघळत होता, आणि मला इतकी किळस आली की दुसऱ्या दिवशी मी त्याच्या नाकाची पापी घेतली नाही. मग समजलं की त्याच्या पोषणाचा महत्त्वाचा भाग यातच आहे. त्याच्या पोटात एक भलीमोठी पिशवी असते, सीकम, पोटातली सगळ्यात मोठी जागा तिचीच, जठरापेक्षा कितीतरी मोठी. गवतातले जाड धागे बाजूला काढून लेंड्यांमधून बाहेर टाकले जातात, आणि बारीक, आंबवता येईल असा माल उलटा त्या पिशवीत ढकलला जातो. तिथे कोट्यवधी जिवाणू बसलेत, ते त्याचं व्हिटॅमिन आणि प्रोटीन करतात, आणि ससा ते परत खातो. एक घास, दोन फेऱ्या. हे सगळं चालतं ते जाड धाग्यांच्या जोरावर, ते आतून रेटतात म्हणून आतडं हलतं राहतं. आणि दातसुद्धा त्यावरच, कारण सशाचे पुढचे दात आठवड्याला दोनतीन मिलिमीटर वाढतच राहतात, दाढासुद्धा वाढतात, आणि ते झिजायला तासन् तास गवत चघळणं लागतं. केळ्याने काय झिजणार.

आता या कारखान्यात रोज साखर ओतली की जे जिवाणू नको असतात त्यांची चंगळ होते, हवे असतात ते मागे पडतात, गॅस धरतो, आणि ती मऊ विष्ठा पातळ, चिकट, आंबूस होते, ससा ती खात नाही, ती बसल्या जागी अंगाला लागते आणि वाळते. तो गोळा म्हणजे हाच. म्हणजे त्या दिवशी टेबलावर डॉक्टरांना माझ्या दोन बोटांकडे बघायची गरजच नव्हती. उत्तर त्यांच्या हातातल्या कापसावर होतं.

फळं बंद केली. पहिले चार दिवस गुंडूने आमच्यावर बहिष्कार टाकला. पाठ फिरवून बसायचा, जवळ गेलं की मागचा पाय फरशीवर दाणकन आपटायचा. मुलगी रडली. गवत मात्र हळूहळू खायला लागला, रात्री त्या करकर करकर आवाजाने मला झोप लागायला लागली, आणि आठवड्याभरात मागची बाजू स्वच्छ. मी स्वतःवर जाम खूश होते. कागद फ्रिजवर चिकटवला, मंगळवार-शुक्रवार लिहिला, पंधरा दिवसांनी हळूहळू फळ पुन्हा सुरू केलं, एका वेळी एकच फळ, नखाएवढा तुकडा, मग दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या. सगळं छान चाललं होतं.

आणि मग एका रात्री लेंड्याच नव्हत्या.

मी ट्रे बघितला, सोफ्याखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं. गुंडू कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात वाजवत होता. ससा खुशीतही दात वाजवतो, कपाळावर हात फिरवला की बारीक चुटूचुटू, पण हे तसलं नव्हतं, हे कराकरा होतं, दुखण्याचं. कान गार. संध्याकाळचं गवत जसंच्या तसं. मी धावत जाऊन केळं आणलं, बंदी-बिंदी सगळी विसरून, त्याच्या कानापाशी साल सोललं, आणि त्याने तोंड फिरवलं. त्या क्षणी माझ्या पोटात जो खड्डा पडला तो मला अजून आठवतो. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नसते हे मी वाचलेलं होतं. आतडं थांबतं. त्याला उलटी करता येत नाही, सशाच्या शरीरात ती सोयच नाही, आत गेलेलं पुढेच जायला हवं, आणि पुढचा रस्ता थांबलेला.

रात्री अकराला डॉक्टरांकडे. त्यांनी पोट दाबून बघितलं, एक्स-रे काढला, कुठे काही अडकलेलं नाही ना याची खात्री केली आणि मगच औषधं दिली, दुखणं कमी करायचं, आतडं हलवायचं, कातडीखाली सलाईन. अडकलेलं असेल तर हेच औषध आणि हेच भरवणं जिवावर बेततं, म्हणून घरी आपल्या मनाने काही करायचं नाही असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग आजारी सशाला द्यायच्या खाद्याची भुकटी पाण्यात कालवून सिरिंजने कसं भरवायचं ते दाखवलं. दोन वाजता घरी. मी, टॉवेलात गुंडाळलेला ससा आणि सिरिंज, जमिनीवर. नवरा गरम पाण्याची बाटली घेऊन. आणि दाराशी बाबा. झोपायला जा म्हटलं तरी जाईनात. चष्मा हातात, एक बाही खांद्यावरून ओघळलेली.

साडेतीनला ते म्हणाले, "अगं, मी दुपारी त्याला देत होतो."

मी काही बोलले नाही.

"रोज नाही. पण देत होतो. मला अर्धंच केळं सांगितलंय ना डॉक्टरांनी, शुगरमुळे. मग उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं? टाकून द्यायचं?" आणि मग जरा थांबून, "त्यातलंही थोडं मीच खायचो."

मला रागही आला आणि हसूही आलं, आणि त्याच्या खाली अजून काहीतरी आलं ज्याला मला नाव देता येत नाही. आई गेल्यापासून दुपारी एक ते चार त्या घरात बाबा आणि गुंडू दोघंच असतात. दोघांनाही गोड बंद. दोघांवरही माझीच नजर. मी त्या दोघांना अर्ध्या केळ्यावर एकमेकांचे साथीदार होताना डोळ्यांसमोर आणलं, एक खुर्चीत, एक पायाशी, सालाचा तो बारीक चर्र आवाज, दार लावलेलं. माझ्या घरातली ती सगळ्यात सुखाची वेळ असणार. आणि मी ती फ्रिजवर कागद लावून बंद केली होती, आणि ती बंद झालीच नव्हती.

पाच वाजून दहा मिनिटांनी पहिली लेंडी आली. बारकी, वाकडी, दगडासारखी कडक. नवऱ्याने ती तळहातावर घेतली आणि आम्ही तिघं मोठी माणसं तिच्याकडे बघत उभे होतो, बाबांनी चष्मा लावून बघितली. मग अजून एक. सकाळी आठला त्याने स्वतःहून गवताची एक काडी ओढली आणि ती तोंडातून आत जाताना, शेवटच्या टोकापर्यंत, कुणीही बोललं नाही.

केळ्यामुळेच झालं का? डॉक्टरांना मी विचारलं, बाबा ऐकत नसताना. त्या म्हणाल्या तसं नक्की नाही सांगता येणार. केस गळायचे दिवस होते, त्या आठवड्यात शेजारी भिंत फोडायचं काम चालू होतं आणि सशाला आवाजाची धास्ती पुरते, दाढा दुखत असल्या तरी खाणं सुटतं. गोड जास्त आणि धागा कमी झाला की आतडं आधीच मंदावलेलं असतं, मग वरून काहीतरी एक निमित्त होतं. मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी त्यातलं फक्त केळं ऐकलं.

त्यानंतर बाबांनी फळांचं खातं स्वतःकडे घेतलं. मी दिलं नाही, त्यांनी घेतलं. आता आमच्या घरात गुंडूला फळ देण्याचा अधिकार फक्त त्यांना आहे आणि ते एखाद्या कॅशियरसारखे वागतात. मुलीने परस्पर एक द्राक्ष दिलं तर ते मंगळवारच्या हिशोबातून वजा होतं. सफरचंद असेल तर आधी मधला गाभा आणि सगळ्या बिया काढायच्या, कारण बिया चावल्या गेल्या की त्यातून सायनाइड सुटतं, आणि एवढ्याशा जिवाला जोखीम कशाला. चेरी, पीच, आलूबुखार, जर्दाळू यांच्या कोयी तर नाहीतच. अॅव्होकाडो घरात येतो तेव्हा बाबा तो टेबलाच्या मधोमध ठेवतात, काठापासून लांब, कारण तो सशाला विषारीच. स्ट्रॉबेरी त्यांना आवडते, कारण तिच्यात साखर कमी, केळ्याच्या निम्म्याहून कमी, आणि वरची हिरवी पानंसुद्धा गुंडू खातो, तेव्हा काही टाकावं लागत नाही. पपईने पोटात अडकलेले केस विरघळतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, त्यावर त्यांनी डॉक्टरांना स्वतः फोन लावला. विरघळत नाहीत. केस हलतात ते गवताने आणि पाण्याने. तरी पपई यादीत आहे, अधूनमधून, चवीपुरती. बेदाणे गेले. भेट म्हणून आलेलं एक रंगीबेरंगी पाकीट होतं, दह्याच्या गोळ्यांचं, वर सशाचं चित्र होतं म्हणून आम्हाला ते सशासाठीच असेल असं वाटलेलं, तेही गेलं. शेजारच्या मुलाने दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय, तो विचारायला आला तर बाबांनी त्याला दारातच सांगितलं, सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत फळ नाव काढायचं नाही, आत्ता त्याला गवत आणि लसूणघास, बस. मुलगा बिचारा पाणी न पिताच गेला.

फळ देण्याची पद्धतसुद्धा बदलली. आधी आम्ही हातावर ठेवून द्यायचो आणि तो बोटाला चावायचा, मला वाटायचं हावरट आहे. खरं म्हणजे सशाला मागून, वरून, बाजूने सगळं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही, तिथे तो मिशांनी आणि वासाने चाचपतो, आणि केळ्याचा वास लागलेलं बोट हे त्याच्या लेखी केळंच असतं. आता बाबा तुकडे गवताच्या ढिगात लपवतात. गुंडू नाक खुपसून, गवत इकडेतिकडे उडवत शोधतो, शोधता शोधता चार काड्या खातो, दोन चमच्यांना पंधरा मिनिटं लागतात. एक तुकडा पिंजऱ्याच्या आत, म्हणजे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तो पिंजऱ्याला घाबरत नाही. हे बाबांनी स्वतः शोधून काढलं. उरलेलं काही असेल तर तासाभराने उचलून टाकायचं, आंबू द्यायचं नाही.

गेल्या महिन्यात नखं कापायला घेऊन गेलो तेव्हा बाबाही आले. डॉक्टरांनी गुंडूला टेबलावर ठेवलं, मागून बघितलं, आणि सवयीने विचारलं, फळं देता का. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "दोन चमचे. सपाट. मंगळवार आणि शुक्रवार." सपाट म्हणताना त्यांनी हवेत तळहात आडवा फिरवला. डॉक्टर हसल्या. मी गुंडूच्या कानाकडे बघत राहिले, कारण मागच्या वेळी याच टेबलापाशी मी दोन बोटं धरली होती ते मला दिसत होतं, आणि ते फक्त मला आणि त्यांनाच माहीत होतं.

काल शुक्रवार होता. मी लवकर घरी आले, दार उघडं होतं, आत बाबा जमिनीवर बसले होते, त्या वयात त्यांनी जमिनीवर बसू नये असं त्यांनाही डॉक्टरांनी सांगितलंय, पण असो. चमचा बाजूला रिकामा. गवत सगळीकडे. टेबलावर त्यांचं उरलेलं अर्धं केळं, सालात परत गुंडाळलेलं, टोक काळं पडायला लागलेलं, ते हल्ली मीच खाते. गुंडू मागच्या पायांवर उभा, पंजे त्यांच्या गुडघ्यावर, नाक वर.

"संपलं रे," बाबा म्हणाले, आणि लहान मुलाला दाखवतात तसे दोन्ही तळवे उघडून त्याच्यापुढे धरले.

गुंडूने उजवा हुंगला. मग डावा. मग परत उजवा.